इंग्रजी वहींतील मराठी

एखाद्या मनुष्यानें इंग्रजी शिकविण्यांत तीस वर्षें घालविलीं म्हणजे लोक त्याच्याकडे दोन प्रकारचा माल घेऊन येतात. अर्जांचे व विनंतिपत्रांचे मसुदे हा एक. त्यांवरून आम्हीं जरा नजर फिरवावी एवढीच अपेक्षा असते. खेड्यांतील पोरांच्या इंग्रजीचे मासले हा दुसरा. तो केवळ हंसण्यासाठीं असतो. लग्नाच्या पंगतींत किंवा बँकेच्या रांगेंत एखादे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस गांठतात, आणि आपल्या गांवच्या शाळेंतील कोण्या मुलानें 'माय स्टमक इज पेनिंग' असें लिहिल्याचें सांगून आमच्या तोंडाकडे पाहूं लागतात. त्यांचीं स्वतःचीं मुलें यवतमाळांत किंवा नागपुरास इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत असतात. आम्ही हंसत नाहीं. 'पोट दुखून राहिलं' हें आपलें वऱ्हाडी वाक्य इंग्रजींत न्या, आणि मग त्या मुलानें काय बिघडविलें तें सांगा, असें आम्हीं म्हटलें म्हणजे ते गृहस्थ दुसऱ्या कोणाशीं बोलूं लागतात.

हा विषय व्याकरणाचा आहे असें आमचें मत आहे. आणि व्याकरण म्हटलें कीं वाचकांनीं पान उलटूं नये अशी विनंति आहे. पोरें गोष्ट सांगतांना जें व्याकरण नकळत पाळतात त्याविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे, आणि तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत छापलेलें नसतें.

आमचा एक जुना विद्यार्थी केळापूर तालुक्यांतील एका माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवितो. कांहीं वर्षांमागें दिवाळीच्या सुटींत तो नववीच्या वह्यांचा एक गठ्ठा बांधून आमच्याकडे आला. विषय नेहमींचाच होता: न विसरतां येणारा प्रसंग. परीक्षेंत असा प्रसंग सांगावयास किंवा दिलेल्या आरंभावरून गोष्ट पुरी करावयास येते, म्हणून वर्षभर तिचा सराव चालतो. तो म्हणाला, "सर, हींच पोरें तोंडानें गोष्ट सांगूं लागलीं म्हणजे अख्खा वर्ग ऐकत बसतो. इंग्रजींत लिहा म्हटलें कीं सगळा चिखल होतो. पहिलीपासून इंग्रजी आहे यांना. तुमच्या वेळेस तर पांचवीपासून होतें."

तें खरें आहे. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें तें २००० सालीं. आमच्या पिढीला तें पांचवीला भेटलें, आणि तेंहि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचें बोट धरून. चार वर्षें आधीं सुरू करून चिखल तेवढाच राहत असेल तर दोष वर्षांच्या संख्येंत नसावा, एवढें आमच्या ध्यानीं आलें. वह्या आम्हीं ठेवून घेतल्या. प्रत्येक निबंधांतील क्रियापदें क्रमानें एका कागदावर उतरून काढलीं, समोर तोच मजकूर मराठींत कसा सांगितला जाईल तें लिहिलें, आणि दोन्ही स्तंभ शेजारीं ठेवून पाहूं लागलों. सुटी संपेपर्यंत तेंच चाललें. घरांत फराळाचीं ताटें येत होतीं व जात होतीं.

पहिलाच निबंध पोळ्याचा होता. त्यांतील एक वाक्य असें: 'मॉर्निंग आय गेट अप, वॉश माउथ, टेक बुलॉक्स टु रिव्हर, पुट कलर ऑन हॉर्न अँड वेंट टु मारुती टेम्पल.' क्रियापदें पांच. त्यांपैकीं चार उघडींबोडकीं, आणि भूतकाळाचा अंगरखा शेवटच्या एकट्याच्या अंगावर. तपासणाऱ्यानें त्या चारींभोंवतीं लाल वर्तुळें काढून समासांत 'टेन्स' असा शेरा मारला होता. म्हणजे मुलाला काळ कळत नाहीं असा निकाल झाला.

आतां हेंच मराठींत म्हणून पाहावें. सकाळीं उठून, तोंड धुऊन, बैलांना नदीवर नेऊन, शिंगांना रंग लावून मारुतीच्या देवळाजवळ गेलों. या वाक्याला काळ एकच आहे आणि तो शेवटीं आहे. उठून, धुऊन, नेऊन, लावून यांना वैयाकरण पूर्वकालवाचक धातुसाधित अव्ययें म्हणतात. त्यांना स्वतःचा काळ नाहीं, पुरुष नाहीं, वचन नाहीं. शेवटचें क्रियापद जें काय ठरवील तें त्यांना मान्य असतें. गेलों म्हटलें तर सगळें काल झालें, जाईन म्हटलें तर सगळें उद्यां होईल. मराठी गोष्ट या 'ऊन'वर चालते. आजीच्या तोंडची कोणतीहि कहाणी घ्या; राजा उठून, घोड्यावर बसून, वेशीबाहेर जाऊन मगच काय तें करतो. या मुलानें इंग्रजींत 'ऊन' शोधला. तो मिळाला नाहीं, तेव्हां धातु नुसताच ठेवला, आणि मराठी जेथें काळ ठेवते तेथें काळ ठेवला.

अशी सांखळी ज्या ज्या वहींत होती तेथें शेवटचें क्रियापद बहुधा बरोबर होतें. केवळ 'वेंट' नव्हे, कारण तो शब्द घोकून पाठ झालेला असतो; 'स्लेप्ट' होता, 'ब्रॉट' होता, एका ठिकाणीं 'फेल' होता. ज्याला काळ कळत नाहीं त्याचें नेमकें शेवटचेंच क्रियापद दर वेळीं कसें बरोबर येईल? त्याला काळ कळतो. प्रत्येक क्रियापदाला तो स्वतंत्र लावावा लागतो, इंग्रजी क्रियापदें एकमेकांच्या भरंवशावर राहत नाहींत, ही गोष्ट मात्र त्याला कोणीं सांगितलेली नाहीं. 'टेन्स' हा शेरा नऊ वेळां मारून ती सांगितली जात नाहीं. (इंग्रजींत 'हॅविंग' आहे असें कोणी म्हणेल. आहे, परंतु 'हॅविंग वॉश्ड माय माउथ' असें लिहिणारा मुलगा आम्हांस भेटला तर आम्ही त्याला सरकारी कचेरींत पाठवूं.)

दुसरी ठळक गोष्ट 'हॅड'ची. 'लास्ट इयर आय हॅड गॉन टु कळंब विथ माय ग्रँडमदर.' कळंबच्या चिंतामणीला आजीबरोबर गेलेल्या मुलाचें हें वाक्य इंग्रज वाचकाला अधांतरीं ठेवतें. 'हॅड गॉन' म्हटलें कीं तो पुढच्या घटनेची वाट पाहतो: गेला होता, आणि मग काय झालें? पुढें कांहींच होत नाहीं. आजीनें नारळ फोडला आणि दोघें परत आलीं. परंतु मराठी 'गेलों होतों' याला दुसऱ्या घटनेची गरज नसते. गेलों, आलों, तें प्रकरण मिटलें, एवढें तें सांगतें. आपण शेजाऱ्याला म्हणतों, 'काल तुमच्याकडे आलों होतों.' 'काल आलों' म्हटलें तर पाहुणा अजून घरांतच आहे असें वाटतें. हा बारीक भेद आपण विचार न करतां पाळतों, आणि इंग्रजींत त्याला जागा शोधतांना 'हॅड' हाताला लागतो. केवळ खेड्यांतील मुलांनाच तो लागतो असें नाहीं. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत, आणि आमच्या सहकाऱ्यांच्या पत्रांतहि, हा 'हॅड' सुखानें नांदत असतो. त्याला कोणी हंसत नाहीं, कारण अर्जदाराच्या अंगावर इस्त्रीचे कपडे असतात.

'वन डे वन मॅन केम' यासारख्या वाक्यांवर आम्ही फार वेळ घालविणार नाहीं. मराठींत नवा मनुष्य गोष्टींत येतांना 'एक' म्हणून येतो आणि दुसऱ्या वेळीं नुसता 'तो मनुष्य' होतो. इंग्रजी 'अ' आणि 'द' यांचें काम यानें बरेंचसें भागतें, सगळें भागत नाहीं. भल्याभल्यांचा 'द' जन्मभर डळमळतो.

एका वहींत मात्र आम्ही बराच वेळ थांबलों. 'दॅट इयर माय फादर वर सोल्ड टू बुलॉक्स.' येथें 'वर' कोठून आला? एकटा बाप, आणि त्याला अनेकवचन! आदरार्थी असेल असें प्रथम वाटलें. पण त्याच वहींत इतरत्र 'माय फादर वॉज' असेंच होतें. मग मराठी वाक्य समोर ठेवलें: बाबांनीं दोन बैल विकले. विकले हें अनेकवचन बैलांचें आहे. बाबांना 'नीं' प्रत्यय लागला, ते बाजूला झाले, आणि क्रियापद बैलांच्या मागें गेलें. यालाच आपण कर्मणि प्रयोग म्हणतों. एक गाय असती तर 'विकली' झालें असतें, एक वासरूं असतें तर 'विकलें'. मुलानें बैल मोजले, दोन भरले, आणि 'वर' लिहिला. इंग्रजी वाचकाला मात्र या वाक्यांत बापच विकला गेल्यासारखा दिसतो. तें वर्ष २०१७ होतें असें निबंधांत पुढें येतें. त्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें आमच्या भागाची कपाशी खाल्ली, आणि फवारणींतील विषबाधेनें याच जिल्ह्यांत माणसें दगावलीं. ते बैल विकले गेले याचें आश्चर्य करण्याचें कारण नाहीं.

मराठीच्या या प्रयोगांनीं थोरामोठ्यांनाहि दमविलें आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं १८३६ सालीं महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांच्यापुढें लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं त्या व्याकरणाची परखड चिकित्सा केली. आणि १९११ सालीं मोरो केशव दामल्यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण निघालें तेव्हांहि प्रयोगांचा ऊहापोह त्यांना सविस्तर करावा लागला. कर्त्याच्या मागें जाणाऱ्या क्रियापदाच्या इंग्रजी सांच्यांत कर्माच्या मागें जाणारें मराठी क्रियापद बसवितांना पंडितांची जी ओढाताण झाली, तीच हा नववीचा मुलगा उलट दिशेनें करीत आहे. पंडितांना त्याबद्दल मान मिळाला; याचा अर्धा गुण गेला.

आतां, सगळ्याच चुका मराठीच्या पदरीं घालणें हाहि एक आळसच होय. 'डिड नॉट वेंट' यांत मराठी कोठेंहि नाहीं. 'कॅच्ड' आणि 'टीच्ड' यांतहि नाहीं. लंडनमधलें चार वर्षांचें पोरहि असेंच बोलतें. नियम हाताला लागला कीं तो सर्वत्र लावून पाहावा ही बालबुद्धि आहे, आणि ती चांगली बुद्धि आहे. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानें १९६७ सालीं विद्यार्थ्यांच्या चुकांचें महत्त्व सांगणारा एक लेख लिहिला. घाईंत झालेली निसटती चूक वेगळी, आणि नियमानें पुन्हा पुन्हा होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे विद्यार्थी कोठवर आला आहे हें दाखविणारा मैलाचा दगड होय, असें त्याच्या म्हणण्याचें तात्पर्य. पुढें १९७२ सालीं लॅरी सेलिंकर यानें आणखी एक पाऊल टाकलें. शिकणाऱ्याची भाषा ही मोडकी इंग्रजी नसून दोन भाषांच्या दरम्यान उभी राहिलेली, स्वतःचे नियम असलेली तिसरीच भाषा असते, असें त्यानें मांडलें. आमच्या समोरच्या वह्या त्या तिसऱ्या भाषेंत होत्या.

दोन भाषा म्हणणेंहि आमच्या जिल्ह्यांत अपुरें आहे. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत वऱ्हाडी सर्वत्र ऐकूं येते. परंतु पुसद-दिग्रसकडे तांड्यांवरचीं मुलें घरीं गोरमाटी बोलतात, आणि केळापूर, मारेगांव, झरी-जामणी या भागांत गोंडी व कोलामी बोलणारीं घरें आहेत. अशा मुलाची मराठी हीच शाळेंत शिकलेली भाषा असते आणि इंग्रजी तिच्याहि पलीकडची. गठ्ठ्यांतील एका वहींत 'माय ग्रँडमदर इज ओल्ड. इट टेल मी स्टोरी' असें होतें. आजीला 'इट' म्हटल्याबद्दल वर्ग खूप हंसला, असें आमचा विद्यार्थी म्हणाला. तो मुलगा कोलाम पोडावरचा होता. कोलामीचें व्याकरण एम. बी. एमेनो यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलें. तें ज्यांनीं चाळलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं त्या भाषेंत एकवचनीं पुरुष तेवढा एका बाजूला असतो, आणि स्त्री, जनावर व वस्तु या सर्वांना मिळून एकच सर्वनाम असतें. गोंडींतहि तीच वाटणी आहे. त्यांत आजीचा अपमान नाहीं. मराठींत टेबल नपुंसक आणि खुर्ची स्त्री असते त्यांत जेवढी खुर्चीची प्रतिष्ठा, तेवढाच. त्या मुलानें तीन भाषांच्या वेशी ओलांडून आजीला इंग्रजींत आणली होती. हंसणाऱ्या वर्गांतील कोणालाहि कोलामीचें एक वाक्य येत नसावें.

येथपर्यंतचें सारें वाक्यांचें झालें. गोष्ट म्हणजे एकामागून एक रचलेलीं वाक्यें नव्हेत. विल्यम लॅबॉव्ह आणि जोशुआ वॅलेट्स्की या दोघांनीं १९६७ सालीं सामान्य माणसांनीं तोंडीं सांगितलेल्या अनुभवांचें पृथक्करण केलें. काय घडलें याचा क्रम हा गोष्टीचा एक भाग. परंतु ती कां सांगावीशी वाटली हें सांगणारा हरप्रकारें कोठें तरी दाखवीत असतो, आणि तें नसेल तर ऐकणारा 'मग काय?' म्हणून उठून जातो, असें त्यांना दिसलें. लॅबॉव्हनें हार्लेममधील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचाहि अभ्यास केला होता. ज्या बोलीला शाळा मोडकी म्हणत होत्या तिला नियम आहेत, आणि तिच्यांत तर्कशुद्ध बोलतां येतें, हें त्यानें दाखविलें. हे आमच्याकडे नवल वाटावयास नको. २०१९ च्या जानेवारींत ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळांत भरलें. इंग्रजींत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचें दिलेलें निमंत्रण मागें घेतलें गेलें, त्यावरून मोठें वादळ उठलें, आणि अखेर उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्तें झालें. त्यांनीं शेतकऱ्यांच्या विधवांची हकीकत सांगितली. त्या मंडपांत वैयाकरण पुष्कळ होते. समासांत शेरा मारावा असें कोणाला वाटलें नाहीं.

गठ्ठ्याच्या तळाशीं एका मुलीची वही होती. अक्षर वळणदार, निबंध एक पानाचा. आरंभीं पाऊस, पेरणी, भावाची शाळा, सगळें भूतकाळांत आणि बहुतेक बरोबर. मग हीं दोन वाक्यें: 'माय फादर सेड दॅट आय विल कम इन ईव्हनिंग. ही टेक पंप ऑन बॅक अँड वेंट टु फील्ड.' दुसऱ्या वाक्यांतील 'टेक' आणि 'वेंट' वाचकांच्या आतां ओळखीचे आहेत. पंप पाठीवर घेऊन शेतांत गेले. त्यानंतर निबंधांत वडील पुन्हा येत नाहींत. यवतमाळचें रुग्णालय येतें, मामा येतात, आणि क्रियापदें एकाएकीं वर्तमानकाळीं होतात. 'मदर इज सिटिंग. मामा इज टेलिंग टु डॉक्टर. आय ॲम होल्डिंग माय ब्रदर.' वऱ्हाडींत तें असें ऐकूं येतें: माय बसून राहिली, मामा सांगून राहिला. शेवटचें वाक्य 'नाउ आय ॲम इन नाइन्थ' असें होतें, आणि त्याखालीं निबंध संपला होता. लाल शाईनें सगळे 'इज' 'वॉज' केले होते. शाळेच्या व्याकरणाप्रमाणें तें योग्यच आहे. परंतु मराठींत गोष्ट सांगणारा जेथें भूतकाळ सोडून वर्तमानांत शिरतो, तेथें तो आपल्याला हाताला धरून त्या जागीं नेत असतो. इंग्रजी बोलणारेहि तोंडीं सांगतांना हेंच करतात.

आमचें लक्ष अधिक वेधलें तें पहिल्या वाक्यानें. मराठींत दुसऱ्याचें बोलणें सांगतांना आपण बोलणाराचे शब्द मोडीत नाहीं. बाबा म्हणाले कीं मी संध्याकाळीं येतों. 'कीं'च्या पलीकडे बाबा स्वतः बोलत असतात. तेथला 'मी' त्यांचा असतो. संस्कृतांतहि 'इति' लावून मूळचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची रीत आहे. इंग्रजी 'दॅट' हा निराळ्या स्वभावाचा आहे. त्याच्या पलीकडे सांगणाराचीच सत्ता चालते. 'आय'चा 'ही' होतो, 'विल'चा 'वुड' होतो, आणि जो बोलला तो गप्प होऊन त्याच्याविषयींचें वृत्त उरतें. नियमाप्रमाणें दुरुस्ती झाली होती: 'माय फादर सेड दॅट ही वुड कम इन द ईव्हनिंग.' चुकलेलें वाक्य शुद्ध करून पांच वेळां लिहावयाचें अशी त्या शाळेंत पद्धत होती. मुलीनें तें खालीं पांच वेळां लिहिलें होतें, त्याच वळणदार अक्षरांत, एकाखालीं एक.

सुटी संपतांना आमचा विद्यार्थी वह्या नेण्यास आला. आम्हीं त्याला दोन्ही स्तंभ दाखविले. तो मन लावून ऐकत होता, पण शिक्षक होता. म्हणाला, "सर, हें सगळें खरें. परंतु बोर्डाचा परीक्षक एका पेपरला किती मिनिटें देतो? त्याला 'ऊन'शीं काय करायचें आहे? त्याला 'वेंट' पाहिजे." यांत खोटें कांहीं नाहीं. मुलाच्या वाक्याला कारण आहे एवढ्यानें तें वाक्य इंग्रजी होत नाहीं, आणि अशुद्ध इंग्रजीचें गुणगान करून खेड्यांतल्या पोराला खेड्यांतच ठेवणारे जे थोडे शहाणे आहेत त्यांच्यांत आम्ही नाहीं. दुरुस्ती करावीच, पण कोणती आधीं आणि कोणती मागाहून याला कांहीं विचार असावा. सांखळींतल्या क्रियापदांपासून आरंभ करावा, कारण गोष्ट तीवर चालते. फळ्यावर एका बाजूला मराठी वाक्य लिहावें, चारी 'ऊन' खडूनें अधोरेखित करावे, आणि इंग्रजींत यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा काळ द्यावा लागतो हें एकदां नीट दाखवावें. त्यापाठीमागून 'हॅड' घ्यावा. 'द'ला सर्वांच्या शेवटीं बोलवावें. दोन भाषा शेजारीं ठेवण्याची ही रीत तर्खडकरांच्या पाठमालेंत होती. इंग्रजी तासाला मराठीचा शब्द काढूं नये असा दंडक पुढें पुष्कळ शाळांत आला आणि ती मागें पडली. आमच्या मतें त्यांत मोठें नुकसान झालें.

"आणि ही?" त्यानें मुलीची वही पुढें केली. "ही कशी सुधारायची? 'सेड दॅट आय' ठेवलें तर इंग्रजींत मुलगीच शेतांत जाते."

आम्हीं त्याला आठवण दिली कीं मेजर कॅन्डी यांच्या खटाटोपानें मराठींत जीं विरामचिन्हें रुळलीं तीं इंग्रजीचींच आहेत, आणि त्यांत दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याचें एक चिन्ह आहे. तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग खिशांतून पेन काढलें. तें निळें होतें. लाल शाईनें खोडलेलें 'आय विल' त्यानें खालीं पुन्हा नीट लिहिलें, 'दॅट' काढून टाकला, 'सेड'पुढें स्वल्पविराम दिला, आणि 'आय विल कम इन ईव्हनिंग' या शब्दांच्या दोन्ही बाजूंस अवतरणचिन्हें घातलीं. 'ईव्हनिंग'च्या आधीं 'द' हवा होता. तो त्यानें घातला नाहीं.